नावापुढची रिकामी जागा

९ जानेवारी
गॉर्डन, चॅनलकाठ

ब्राय,

तुझं प्रचारपत्रक मी स्वतः वाचलं नाही, पोस्टातल्या नेलने ते मला वाचून दाखवलं. चष्मा माझ्या डोक्यावरच होता, पण तिला ते मोठ्याने वाचायचंच होतं आणि माझ्या मागे रांगेत चार माणसं उभी होती. "'मी आयोना बेलेटची मुलगी,'" अशी तिने सुरुवात केली आणि मला इतकं बरं वाटलं की पुढचं एक वाक्य माझ्या कानावरूनच गेलं. अकरा वर्षांत तू हे कुठे म्हटल्याचं मी ऐकलं नव्हतं.

मग नेलचा आवाज बारीक होत गेला. "'माझ्या आईने एकवीस वर्षं सभागृहात जंगलांची बाजू मांडली. तिची भाषणं आणि तिची मतं शेजारी शेजारी ठेवून पाहा. लार्क खोऱ्यातलं जंगल वाचवणाऱ्या विधेयकावर तिचं मतच नाही. तिच्या नावापुढे रिकामी जागा आहे. मी निवडून आले तर माझ्या नावापुढे अशी रिकामी जागा कधीही दिसणार नाही.'"

मागे कुणीतरी खोकलं. नेलने पत्रकाची घडी घालून ते माझ्याकडे सरकवलं. "तुला तिकिटंच हवी होती ना, आयोना?"

"दहा दे," मी म्हटलं. "आता पत्रं लिहावी लागणार."

तर हे पहिलं. पत्रक चांगलं झालंय, शेवटचं वाक्य तेवढं लांबलंय. फोटोतला शर्ट मधाने चिकट दिसतो आणि तो तसाच राहू दे, लोकांना मधमाश्या पाळणारी बाई आवडेल. मी उभी राहिले तेव्हा माझ्याकडे दाखवायला फक्त मोठा आवाज होता.

तो 'जागता मतदार'वाल्यांचा तक्ताही मी पाहिला. पुरोगामी म्हणवणाऱ्या आम्हा नऊ जणांची कुंडलीच मांडलीये त्यांनी. डावीकडे आम्ही काय काय बोललो ते, आणि उजवीकडे मत कुठे दिलं. माझ्या नावापुढे चारशे बारा चौकोन आहेत. त्यातले चारशे अकरा हिरवे, एक राखाडी. खरं सांगते, बसून सगळे मोजले. निवृत्त बाईला दुपारी कामच काय असतं?

त्या गुरुवारी मला चक्कर आली होती. हवा खायला बाहेर आले आणि तेवढ्यात मतदानासाठी दारं बंद झाली. एवढंच आहे ते. हे तेव्हाच सांगायला हवं होतं.

आज सकाळपासून चॅनलच्या पाण्यावर धुकं आहे. समोरचं बेट दिसत नाही, फक्त फेरीबोटीचा भोंगा ऐकू येतो. मी व्हरांड्यात बसून डुलक्या घेते आणि दर वेळी जागी होते तेव्हा बेट थोडं वेगळ्या जागी असल्यासारखं वाटतं. तुझ्या पेट्या या वर्षी कुठे मांडल्यास? लेदरवुडची झाडं फुलली असतील ना वर?

तुझी,
आई


२ फेब्रुवारी
गॉर्डन

ब्राय,

तुझं उत्तर आलं नाही. येईल असं मी धरलंही नव्हतं. पण माझं पत्र तू वाचलं असशील तर त्यातलं एक वाक्य खोडून टाक. मला चक्कर आली नव्हती. माझी तब्येत ठणठणीत होती.

मी एकवीस वर्षं लोकांसमोर बोलले. काही वेळा जास्त बोलले, काही वेळा मूर्खासारखं बोलले, पण खोटं बोलले नाही. आणि आता पहिलं खोटं बोलले ते तुझ्याशी, तेही तिकीट लावून. मला लाज वाटते.

परवा पुन्हा ते स्वप्न पडलं. सभागृहात बाकांमधून झाडं वर आलेली आहेत, तीही लार्क खोऱ्यातली, जाड बुंध्यांची, शेवाळलेली. अध्यक्षांच्या खुर्चीवर हिरवी मखमल चढली आहे आणि अध्यक्ष तिच्यावर शांतपणे बसले आहेत, जणू कालपासून असंच ठरलं होतं. वरून पांढऱ्या पाकळ्या पडतायत. घंटा वाजते, पण तिच्यात मधमाश्या आहेत, त्यामुळे ती वाजत नाही, गुणगुणते. मला 'होय'वाल्यांच्या बाजूला, उजवीकडे जायचं असतं. मी चालत राहते, पायाखाली मऊ माती लागते, मला खूप छान वाटत असतं, आणि बाक काही जवळ येत नाहीत. वर गॅलरीत तू बसलेली असतेस, मांडीवर मधाची बरणी घेऊन. तू माझ्याकडे बघत नाहीस, माझ्या खुर्चीकडे बघतेस.

त्या दिवशी तू खरंच तशी बसली होतीस, हे मला तूच नंतर सांगितलंस. सांगितलंस म्हणजे ओरडलीस. सभागृहासमोरच्या बागेत, मी बसले होते त्या बाकापाशी येऊन उभी राहिलीस. माझ्या हातात चिप्सचा कागद होता आणि पायाशी दहाबारा सीगल. "अकरा विरुद्ध अकरा," तू म्हणालीस. "अध्यक्षांनी निर्णायक मत विरोधात टाकलं. आई, तू एकटी आत असतीस तर खोरं वाचलं असतं. आणि तू इथे पक्ष्यांना खाऊ घालतेयस!"

तेवढ्यात कुणीतरी फोटो काढला. दुसऱ्या दिवशी तो छापून आला. त्याखालचं शीर्षक अजून पाठ आहे, पण लिहीत नाही.

चिप्स मी एवढ्यासाठीच घेतल्या होत्या की हातांना काहीतरी काम हवं होतं. घंटा तिथवर ऐकू येते. तीन मिनिटं वाजते. हातात काही नसतं तर मी उठून आत गेले असते.

बातमीदारांना मी त्या दिवशी म्हटलं, "मला यावर काही सांगायचं नाही." माझ्या सगळ्या जाहीर निवेदनांतलं ते सर्वांत छोटं. आणि त्या तक्त्यात नेमकं तेच नाही, बाकी सगळी बडबड आहे.

तू मला 'का' असं विचारलं नाहीस, ब्राय. मी बाहेर का बसले याची तुझी खात्री झालेली होती: आई घाबरली, आईला लाकूडवाल्यांनी गाठलं. आणि मलाही माज होता. मला वाटलं, माझ्या पोटची पोर आहे, न विचारता समजून घेईल. मंत्र्यांकडून प्रत्येक गोष्टीचा कागद मागणारी मी, तुझ्याकडून मात्र कागदाशिवाय विश्वास मागत होते.

पुढच्याच वर्षी निम्मं खोरं तोडलं गेलं, तुझ्या पेट्या मांडायची जागाही त्यातच गेली. ते मी रस्त्यावरून एकदा पाहून आले. परत कधी गेले नाही.

आई


१६ फेब्रुवारी
गॉर्डन

ब्राय,

हे पत्र मी पाठवणार नाही, म्हणून मोकळेपणाने लिहिते.

काल दुपारी क्लॅरी डॉर्नॉफ येऊन गेला. वायव्य किनाऱ्यावरचा बटाटेवाला, समोरच्या बाकांवरून नऊ वर्षं माझ्या प्रत्येक भाषणात 'शेवाळबाई, खाली बसा' असं ओरडणारा, तोच. गुडघे गेलेत त्याचे. गाडीतून उतरायला पाच मिनिटं लागली आणि त्या पाच मिनिटांतही त्याने माझ्या बागेची निंदा करून घेतली.

"हे काय, पिंक आय लावलेत? तुम्ही दक्षिणेकडचे लोक सुपारीएवढ्या गोट्यांना बटाटे म्हणता."

"तू आणलेत ना तुझे धोंडे? ठेव तिथे आणि बस."

चहा झाला. वॉलबीच्या मांसाचं पॅटी खाल्लं त्याने, दोन वेळा घेतलं. बुटक्या कांगारूंसारखे पॅडमेलन येऊन कुंपणाजवळ गवत खात होते ते बघत बसला. मग कप खाली ठेवून म्हणाला, "तुझ्या पोरीचं पत्रक आमच्या इकडे दारोदार गेलंय. माझ्याही पेटीत पडलं."

"चांगलं लिहिलंय ना?"

"आयोना, सांगून टाक तिला."

"नाही."

"मी मोकळं करतो तुला. माझ्यामुळे तोंड बंद ठेवलंस ना? झालं. सुटलीस."

"गोष्ट तुझी असती तर तू मोकळं करू शकला असतास," मी म्हटलं. "ती तुझ्या मुलीची, हेस्टरची आहे. हेस्टरला ठाऊक आहे का, की मला ठाऊक आहे?"

क्लॅरी म्हणाला, "नाही. तिला वाटतं, तिच्या आईला आणि मला, दोघांनाच."

"मग विषय संपला. अजून पॅटी देऊ?"

"तू महाहट्टी बाई आहेस. तेव्हाही होतीस." त्याचे डोळे भरून आले होते आणि तो बटाट्यांच्या पोत्याची गाठ उगाच सोडत होता. "पाचवीच्या वर्गाला शिकवते ती आता. दोन पोरं आहेत. धाकटी माझ्यासारखी ओरडते."

आता ऐक. म्हणजे ऐकणार नाहीसच.

त्या बुधवारी दुपारी मी चहा घ्यायला गेले, तर क्लॅरी चहाच्या भांड्यापाशी पाठमोरा उभा होता. नळ चालू, कप भरून बशीत, बशीतून जमिनीवर. मी नळ बंद केला. तो वळला आणि मला 'आयोना' म्हणाला. तोवर कधीच म्हणाला नव्हता. हेस्टर तेव्हा एकोणीस वर्षांची. मेलबर्नला शिकत होती. तिने स्वतःचा जीव घ्यायचा प्रयत्न केला होता. जगली होती, पण डोळे उघडत नव्हती. गुरुवारी सकाळचं विमान होतं आणि गुरुवारी दुपारी आपलं विधेयक.

"मी गेलो तर आमच्या बाजूचं एक मत कमी होतं," तो म्हणाला. "न सांगता गेलो तर हे लोक मला शोधत घरी येतील, फोन करतील, माझ्या बायकोला विचारतील. कारण सांगितलं तर संध्याकाळपर्यंत आमच्या बर्नीच्या बाजारात पोचेल. पोर उद्या जागी झाली तर तिला या बेटावर परत यायचंय. मला जोडी दे. कारण कुणाला सांगू नकोस. तुझ्या घरातही नको."

जोडी म्हणजे काय हे तुला लहानपणी मी शिकवलं होतं. त्यांचा एक माणूस अडला तर आपला एक माणूस आपणहून बाहेर बसतो, म्हणजे कुणाच्या अडचणीचा फायदा कुणी घेत नाही. पक्षांच्या जोड्या त्यांचे प्रतोद लावतात, कागदावर लिहितात. मी अपक्ष. माझ्या जोडीला कागद नव्हता. मी हात पुढे केला आणि त्याने तो धरला, चहाने भिजलेला.

मला क्षणभरही विचार करावा लागला नाही, असं लिहावंसं वाटतं. खोटं आहे. मी केला. मला आकडा माहीत होता. क्लॅरी नसेल आणि मी असेन तर आपण जिंकतो. एकवीस वर्षांत पहिल्यांदा खोरं माझ्या हातात होतं, आणि ते मिळवायला फक्त दुसऱ्या दिवशी दार उघडून आत जायचं होतं. मी त्याचा हात धरून उभी होते आणि हे सगळं मोजत होते. मग मला आठवलं की तू वीस वर्षांची आहेस.

आम्ही दोघंही आत असतो तर बारा विरुद्ध बारा झाले असते आणि अध्यक्षांनी तेच केलं असतं. खोरं तसंही गेलं असतं. पण हे कुणाला सांगणार? क्लॅरी नव्हता हे कुणाच्या लक्षातच आलं नाही. त्याच्या बाजूचा विजय झाला होता, जिंकणाऱ्यांची हजेरी कोण घेतं? त्याने दाताचं दुखणं सांगितलं, संपलं. 'जागता मतदार'च्या तक्त्यात फक्त आम्ही पुरोगामी. दुसरी रिकामी जागा त्यांच्या कागदावरच नाही.

तू बागेत येऊन ओरडत होतीस तेव्हा मेलबर्नमध्ये हेस्टरने डोळे उघडले होते. मला ते दोन दिवसांनी कळलं. तुझा सामान भरलेला ट्रक त्याआधीच गेला होता.

एका बापाला त्याची मुलगी मिळाली आणि माझी गेली. मी हा सौदा केला नव्हता. मला वाटलं होतं मी फक्त एक दुपार देते आहे.

हे पत्र मधाच्या रिकाम्या डब्यात ठेवते, तुझ्या जुन्या जाळीच्या टोपीखाली.

आई


१८ मार्च
गॉर्डन

ब्राय,

आमदारबाई!

मतमोजणी मी रेडिओवर ऐकली. शेवटच्या फेऱ्यांत तुझा आकडा वर चढत गेला तेव्हा मी उठून उगाच स्टोव्ह पुसला. तू जिंकलीस आणि मी त्या रिकाम्या स्वयंपाकघरात टाळ्या वाजवल्या. शेजारच्या कुत्र्याने भुंकून अनुमोदन दिलं.

माझ्याकडून उपदेश नको असेल, पण घे.

चपला मऊ घाल. घंटा वाजली की तीन मिनिटांत जिना चढावा लागतो. चहा तिथला वाईट आहे, घरून आण. पहिलं भाषण पाठ करू नकोस. समोरून कुणी टोमणा मारला तर लगेच उत्तर देऊ नकोस, त्याचं नाव लक्षात ठेव आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या मुलाबाळांची चौकशी कर. ते जास्त गोंधळतात.

आणि मतविभाजनाची नोंद छापून येईल तेव्हा दोन्ही बाजूंची नावं वाचत जा. आपण फक्त आपल्या बाजूची वाचतो. मीही पहिली दहा वर्षं तेच केलं. दोन्हीकडची वाच, आणि जी नावं कुठेच नाहीत तीही शोध.

लार्क खोऱ्याच्या उरलेल्या अर्ध्यासाठी तू विधेयक आणणार हे ऐकलं. आण.

हल्ली मी दुपारी झोपते तेव्हा झोपेत लाटांचा आवाज सभागृहातल्या कुजबुजीसारखा होतो. कुणीतरी माझं नाव पुकारतं, बेलेट, आणि मी उठायला जाते, तर आता ती हाक तुला असते. मग मी पुन्हा निवांत झोपते. एवढी छान झोप मला फार वर्षांत लागलेली नाही.

आई


१९ जून
गॉर्डन

ब्राय,

तुझं कार्ड आलं. नेलने ते मला देताना उलटं धरलं होतं, म्हणजे तिने वाचलंय.

अकरा वर्षांनंतर चार ओळी. मी त्या कुंपणाशी उभी राहून वाचल्या, मग व्हरांड्यात, मग आत येऊन चूल पेटवून पुन्हा. इथे उतरवून काढते, म्हणजे माझा विश्वास बसेल.

'आई, पुढच्या गुरुवारी माझं विधेयक मताला आहे. समोरच्या बाकांवरच्या एकाने मला जोडी मागितली आहे. कारण सांगत नाही, आणि कुणाला कळू नये म्हणतो. तो जिन्यात बसून रडत होता. तुला असं कुणी कधी मागितलं होतं का?'

या उत्तराचे मी पाच कागद फाडले. एकात मी तुला सगळं लिहिलं. एकात 'देऊ नकोस' असं लिहिलं. ब्राय, खरंच लिहिलं. तू राज्यभर दारोदार वचन वाटलंयस, तुझ्या नावापुढे रिकामी जागा दिसणार नाही म्हणून. ते लोक टपून बसलेत. पाठीत रुतणारी लोकांची बोटं कशी असतात ते मला माहीत आहे, आणि माझ्या लेकीला ती लागू नयेत असं मला वाटतं. आई म्हणून वाटतं, खोऱ्यासाठीही वाटतं.

मग दुपारी चुलीपाशी डोळा लागला. पुन्हा तेच सभागृह, तीच झाडं. पण या वेळी मी आत जायला चालत नव्हते. मी बाहेर बागेत त्या बाकावर होते, आणि बाकाचा दुसरा अर्धा भाग रिकामा होता, आणि मला त्याचं काही वाटत नव्हतं. पाकळ्या पडत होत्या. जागी झाले तेव्हा धुकं उतरून कुंपणापर्यंत आलं होतं.

तू विचारलंस तेवढ्याचंच उत्तर देते. पुढचं तुझं तू ठरव. जे ठरवशील त्यानंतरही तू माझी मुलगी असशील, हे मात्र सांगून ठेवते, कारण गेल्या वेळी ते सांगायचं राहिलं.

हो.

आई


२७ जून
गॉर्डन

ब्राय,

काल प्रक्षेपण ऐकलं. दुपारी तीन वाजता घंटा वाजली. रेडिओतून ती इतकी बारीक येते की मला वाटलं किटली शिट्टी मारते आहे. दारं बंद झाल्याचं ऐकलं. मोजणीचं ऐकलं. विधेयक एका मताने पडलं. आवाजावरून काही कळेना. तुझा आवाज कुठे नव्हता, पण मतविभाजनात कुणाचाच नसतो.

आज सकाळी छापील नोंद आली. नेलने स्वतः काढून दिली, न बोलता, हे तिच्या बाबतीत प्रथमच. 'होय'ची बाजू वाचली. तू नव्हतीस. 'नाही'ची वाचली. तू नव्हतीस. पुन्हा वरपासून वाचली, बोट ठेवून, शाळेतल्या मुलीसारखी. बेलेट नाव कुठेच नव्हतं.

मग दुसरं नाव शोधलं, समोरच्या बाजूचं, जे तिथे असायला हवं होतं आणि नव्हतं. सापडलं. ते मी कुणालाही सांगणार नाही, आणि तुलाही विचारणार नाही त्याचं काय झालं. त्याचं बरं होवो.

मला तुझ्यासाठी रडू आलं. मी ते थांबवलं नाही. मला ठाऊक आहे तू काल कुठे बसली होतीस, म्हणजे बाक वेगळा असेल, पण घंटा तीच. मला ठाऊक आहे ती तीन मिनिटं किती लांब असतात. हातात काय घेतलं होतंस? चिप्स घेऊ नयेत, फोटो वाईट येतो.

खोरं अजून अर्धं उभं आहे. विधेयक पुन्हा येतं, पाचदाही येतं, माझी काही सहाव्यांदा पास झाली. चिकाटी धर. तू माझ्यापेक्षा चिवट आहेस, आणि तुझ्याकडे माश्याही आहेत.

मधाच्या डब्यातलं एक पत्र मी सकाळी चुलीत घातलं. त्याची आता गरज नाही. तुझी जाळीची टोपी मात्र ठेवली आहे. तिला वास येतो, पण घालण्यासारखी आहे. पुढच्या शनिवारी फेरीबोटीच्या रस्त्याने आलीस तर घेऊन जा. आलीस तर स्कॅलॉपचे शिंपले घालून काहीतरी करीन. नाही आलीस तर मीच खाईन, पण दोघींचं करून ठेवीन.

दुपारी 'जागता मतदार'ने नवा तक्ता टाकला. तुझ्या नावापुढे पहिलाच राखाडी चौकोन. त्याखाली त्यांनी तीन शब्द लिहिलेत, आणि लोकांनी त्यावर शेकड्यांनी शिव्या जोडल्यात. मी नेलकडून ते पान मोठ्या अक्षरांत छापून आणलं.

'शेवटी आईचीच मुलगी.'

टोचायला लिहिलंय त्यांनी. मी ते फ्रीजवर लावलंय.

तुझी,
आई